चुकांची वही

२०२१ च्या मे महिन्यात एका रात्री मी ६३ जणांना चुकीची ॲनाटॉमी शिकवली.

विषय होता दंडाचं हाड, म्हणजे ह्यूमरस. हे हाड कुठे मोडलं तर कुठल्या नर्व्हला, म्हणजे मज्जातंतूला, इजा होते, हा एमबीबीएसच्या फर्स्ट इयरच्या वायव्हातला, तोंडी परीक्षेतला, ठरलेला प्रश्न. मी कागदावर हाड काढलं. वर खांद्यापाशी, सर्जिकल नेकला बाण करून लिहिलं 'रेडियल'. मधोमध, शाफ्टला बाण करून लिहिलं 'ॲक्सिलरी'. बरोबर उलटं. लिहिताना हात थांबला नाही की बोलताना जीभ अडखळली नाही. ४० मिनिटं संपली, झूम नेहमीसारखं आपोआप बंद झालं आणि मी जेवायला उठले. तोवर त्या आकृतीचे स्क्रीनशॉट बॅचच्या ग्रुपवर गेलेही होते, आणि तिथून आणखी एका कॉलेजच्या ग्रुपवर.

रात्री अकराच्या सुमारास शहाद्याकडच्या एका मुलाचा मेसेज आला. "ताई, ॲक्सिलरी नर्व्ह काखेतून निघून डेल्टॉइड स्नायूला जाते ना? डेल्टॉइड तर खांद्यावर आहे. मग ती दंडाच्या मध्यापर्यंत खाली उतरून परत वर कशाला जाईल?"

मी अंथरुणात उठून बसले. पुस्तक उघडायची गरज नव्हती, प्रश्न वाचतानाच चूक समोर आली होती. ॲक्सिलरी नर्व्ह सर्जिकल नेकला मागून वळसा घालते. रेडियल नर्व्ह शाफ्टच्या मागच्या तिरक्या पन्हळीतून, स्पायरल ग्रूव्हमधून उतरते. वर मोडलं तर डेल्टॉइड जातो, हात बाजूला उचलता येत नाही. मध्ये मोडलं तर मनगट लुळं पडतं. त्या मुलानं हे कुठे वाचून विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून विचार केला होता.

ती रात्र मी विसरलेले नाही. आज इंटर्नशिप संपवून बाहेर पडताना या सगळ्याबद्दल लिहायला बसले, तर पहिली तीच आठवली.

मी २०१९ च्या बॅचची. नवा सीबीएमई, म्हणजे क्षमताधारित, अभ्यासक्रम लागू झाला तो आमच्यापासून. गाव करमाळ्याजवळ, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावीला लातूर. सरकारी मेडिकल कॉलेजला नंबर लागला तेव्हा गावात पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात लेक्चर हॉलमध्ये बसून मला कळलं की सरांच्या प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द माझ्या हातून निसटतात, आणि त्यांचा अर्थ लावेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात. प्रॉक्सिमल म्हणजे काय, डिस्टल म्हणजे काय, फोसा, फोरॅमेन, ट्यूबरकल. जवळचं, लांबचं, खळगा, भोक, उंचवटा एवढंच कुणी एकदा सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. पण शेजारच्या मुलीला विचारायचीही लाज वाटायची.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्हाला घरी पाठवलं. घरी रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. लेक्चर म्हणून पीडीएफ यायच्या, कधी रेकॉर्डिंग यायचं. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, मी निदान दहा वेळा पाठ केलं आणि दहा वेळा विसरले. शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या, दोन वर्षं पुढे असलेल्या एका दादाला फोन केला. तो म्हणाला, "घरात लोकर आहे का? पाच दोरे घे." आई तेव्हा दाराचं तोरण विणत होती. तिच्या पिशवीतून पाच रंग काढले आणि फोन कानाला लावून जमिनीवर बसले.

पाच दोरे म्हणजे पाच मुळं. मानेतली पाचवी ते आठवी आणि छातीतली पहिली. वरच्या दोघांची गाठ मार, खालच्या दोघांची मार, मधला एकटा सोड. झाले तीन ट्रंक, म्हणजे खोडं. आता प्रत्येकाला पुढची आणि मागची अशा दोन फांद्या फोड. मागच्या तिन्ही एकत्र बांध, हा पोस्टेरियर कॉर्ड, यातून ॲक्सिलरी आणि रेडियल निघतात. पुढच्यांपैकी वरच्या दोन एकत्र, तो लॅटरल. उरलेली खालची एकटी, तो मीडियल. या दोघांतून एकेक दोरा पुढे येऊन मध्ये भेटतो, तो मीडियन. दादा सांगत होता, मी बांधत होते. बावीस मिनिटांत ते जाळं सतरंजीवर तयार झालं. पाठ करायला काही उरलंच नाही.

फोन ठेवताना दादानं एक गोष्ट सांगितली. तो स्वतः ॲनाटॉमीत एकदा राहिला होता, आणि सप्लीच्या, म्हणजे फेरपरीक्षेच्या, अभ्यासात हा लोकरीचा खेळ त्यानं काढला होता. मला त्या बोलण्याचं महत्त्व नंतर समजलं. आमच्या सरांचं ज्ञान अथांग होतं, पण त्यांना हे पहिल्यांदा न समजून तीस वर्षं झाली होती. दादाला तीनच. गाडी कुठल्या चढाला बंद पडते हे त्याच्या अजून लक्षात होतं. शिक्षणशास्त्रात याला निअर-पीअर टीचिंग म्हणतात, आणि शिकणाऱ्या-शिकवणाऱ्याच्या डोक्यातली मांडणी जवळपास सारखी असणं, याला एक जड इंग्रजी नावही आहे. मला ते लोकरीसकट कळलं होतं.

आमच्यानंतरच्या बॅचची नीट १३ सप्टेंबर २०२० ला झाली आणि त्यांचं कॉलेज १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झालं. जेमतेम काही आठवडे झाले असतील, दुसरी लाट आली आणि तीही मुलं घरी. देह उघडून शिकतात तो डिसेक्शन हॉल नीट पाहिलाही नव्हता त्यांनी. मी आणि माझ्या बॅचचे चौघं जण बोललो आणि ठरवलं की आठवड्यातून चार रात्री, साडेनऊला, आपण घ्यायचं.

सामान काहीच नव्हतं. दोन बाजूंना जाडी पुस्तकं रचायची, त्यांच्यावर स्टीलची पट्टी आडवी, पट्टीवर मोबाईल पालथा, कॅमेरा खाली कागदाकडे. बाजूला टेबललॅम्प. हात हलला की पट्टी हलायची, म्हणून मी डाव्या हातानं पट्टी धरून उजव्या हातानं चित्र काढायला शिकले. फुकटच्या झूमवर ४० मिनिटं मिळायची. आधी ती अडचण वाटली, मग तीच आमची शिस्त झाली. तीस मिनिटं शिकवायचं, दहा मिनिटं प्रश्न. मुलांचा रोजचा दीड जीबी डेटा दिवसाच्या लेक्चरमध्येच संपत आलेला असायचा, त्यामुळे मोठा तास परवडलाही नसता.

पहिले दोन आठवडे प्रश्नच आले नाहीत. काळे चौकोन आणि शांतता. मी विचारायचे, समजलं का, आणि चॅटमध्ये ओळीनं उमटायचं, "येस मॅम, येस मॅम, येस मॅम." मेडिकलला सीनियरला सर आणि मॅम म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यामागे काय काय असतं ते ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, पण सीनियरच्या नजरेला नजर देताना छातीत होणारी धडधड कायद्यानं जात नाही. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, "मला मॅम म्हणू नका. ताई म्हणा. आणि मला 'समजलं' असं नको, काय समजलं नाही ते सांगा. मला स्वतःला प्रॉक्सिमल-डिस्टल कळायला तीन महिने लागले होते." दोन-चार सेकंद काहीच झालं नाही. मग एका मुलीनं माइक उघडला. "ताई, मला अजून नाही कळलेलं."

त्या रात्री ४० मिनिटं संपल्यावर आम्ही दुसरी लिंक उघडली, मग तिसरी.

प्रश्न यायला लागले तेव्हा मला समजलं की शिकवणं म्हणजे काय. फिजिओलॉजीचा एक तास मी अजून जपून ठेवलाय. विषय सोडियम-पोटॅशियम पंप. पेशीच्या भिंतीतला हा पंप एका एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, बदल्यात तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. मी आकडे सांगितले, चित्र काढलं. माण तालुक्यातल्या एका मुलानं विचारलं, "ताई, ह्यो पंप म्हंजी आपल्या हिरीवरच्या मोटरीगतच का?" म्हटलं, हो, तसंच समज. मग तो म्हणाला, "आमच्याकडं थ्री फेज रातची येती. आण्णा दारं धरायला जात्यात, आन् मधीच लाईट गेली की मोटर बंद. तसं एटीपी संपलं तर ह्यो पंप बी बंद पडंल की. मग आत काय हुतं?"

मी थांबले. कारण त्याच आठवड्यात सेकंड इयरच्या पॅथॉलॉजीत आमचा पहिला धडा सुरू झाला होता, सेल इंज्युरी. ऑक्सिजन कमी पडला की एटीपी कमी होतं, पंप बंद पडतो, सोडियम आत साठतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. हायड्रोपिक चेंज. मी ते दोन दिवसांपूर्वी एका ओळीत, पाच मार्कांचं उत्तर म्हणून वहीत उतरवलं होतं. त्या मुलानं तो धडा उघडलाही नव्हता आणि विहिरीवरून सरळ तिथे पोहोचला होता. मी त्याला सांगितलं की तू आत्ता पुढच्या वर्षाचा पहिला धडा विचारलास. आणि हेही सांगितलं की लाईट वेळेत परत आली तर पेशी पुन्हा पूर्ववत होते, फार उशीर झाला तर नाही. यालाच रिव्हर्सिबल आणि इर्रिव्हर्सिबल म्हणतात. कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, "म्हणजे पीक वाळायच्या आधी लाईट आली पाहिजे."

आमच्या तासाची भाषा ही अशी होती. नावं सगळी इंग्रजी, कारण पेपर त्यातच लिहायचाय आणि पुढे कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरशी त्याच नावांनी बोलायचंय. पण 'का' आणि 'कसं' मराठीत. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर मराठीतून एमबीबीएस हवं की नको यावर खूप वाद झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. 'मज्जातंतू' लिहायचं की 'नर्व्ह', यावर भांडण्यात वेळ जातो. पेशंट दोन्ही म्हणत नाही, तो 'नस' म्हणतो, आणि त्याची नस म्हणजे कधी शीर असते, कधी स्नायूची दोरी असते, कधी नर्व्ह असते. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचार त्याच्या भाषेत करू दिला, तर शब्द तो आपोआप गोळा करतो.

रोज सकाळी सातला टेलिग्रामवर आदल्या रात्रीचे तीन प्रश्न टाकायचे, हे काम माझ्या मैत्रिणीनं अंगावर घेतलं होतं. उत्तरं वही न उघडता द्यायची. तिनं कुठेतरी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचला होता. पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानं परीक्षा घेतली तर मध्ये स्वतःला आठवायला लावणारी मुलं पुढे जातात. आमच्या मुलांच्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसलं. सुरुवातीला तीनपैकी एखादं उत्तर बरोबर यायचं. जूनपर्यंत सकाळी साडेसातलाच उत्तरांवर वाद सुरू झालेला असायचा.

एप्रिलच्या शेवटी शेवटी मात्र अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवावं लागलं. तेव्हाचे दिवस आठवा. घरोघरी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र आलं होतं, आणि गावातली एमबीबीएसला लागलेली पोर म्हणजे गावाची डॉक्टर. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना शेजारपाजारचे लोक विचारत होते, "बाळा, तू डॉक्टरकीला हायस ना? ह्यात ९१ दाखवतंय, काय करू?" एका मुलीनं तासाच्या सुरुवातीलाच हे विचारलं आणि तिचा आवाज कापत होता. त्या रात्री ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह काढला, म्हणजे ऑक्सिजनचा दाब उतरला की यंत्रावरचा आकडा कसा उतरतो त्याचा आलेख.

तो कर्व्ह वर सपाट असतो आणि मग खाली घसरतो. ९८ वरून ९४ झालं तर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब बराच उतरलेला असतो, पण हिमोग्लोबिननं ऑक्सिजन अजून धरून ठेवलेला असतो. ९० म्हणजे साधारण ६० मिलिमीटर दाब. हा घाटाचा माथा. तिथून खाली दाब थोडा कमी झाला तरी आकडा भराभर कोसळतो. म्हणून ९१ दाखवणारा माणूस नीट बोलतोय, चहा पितोय म्हणून घरी ठेवायचा नाही. नखावर नेलपॉलिश असेल, बोटं गार असतील तर आकडा चुकू शकतो, ते पुसून, बोट चोळून पुन्हा बघायचं. पण पुन्हा तसाच आला तर वाट बघायची नाही. आम्ही एक नियम तिथेच केला. आपण औषध सांगायचं नाही, एकही गोळी नाही. आकडा नीट मोजायचा, वेळ लिहायची, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करायचा. त्या मुलीनं तासाच्या मध्येच कॉल सोडला. दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं की शेजारच्या काकांना रात्रीच तालुक्याला हलवलं. ते वाचले. त्याच महिन्यात आमच्या वर्गातल्या दोघांचे वडील गेले. त्या दोन रात्री आम्ही तास घेतला नाही, नुसते सगळे जोडले गेलो होतो, माइक बंद ठेवून.

आता परत त्या चुकीकडे.

आम्ही सुरू केलं तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी म्हटलं होतं, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मुलं दुसऱ्यांना काय शिकवणार?" मला तेव्हा राग आला होता. ह्यूमरसच्या रात्री मला कळलं की त्यांची भीती खरी होती. आमच्या जवळ असण्यातच आमचा धोका होता. प्राध्यापकांचं बोलणं मुलं पुस्तकाशी ताडून बघतात, थोडं घाबरून का होईना. ताईचं बोलणं ताडून बघत नाहीत. ताईवर विश्वास टाकतात. ६३ पैकी ६२ जणांनी माझी उलटी आकृती जशीच्या तशी वहीत उतरवली होती.

मी रात्री साडेअकराला ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. आज मी सांगितलेलं उलटं आहे, ती आकृती पुसा, जिथे जिथे पाठवली तिथे तिथे हा मेसेज पाठवा. त्या आकृतीवर लाल काट मारून, खाली बरोबर आकृती काढून फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटं त्यालाच दिली. शहाद्याच्या त्या मुलाला म्हटलं, तू सांग, तुला कसं कळलं. तो अगदी हळू आवाजात बोलला, पण बोलला. एवढं करूनही इंटर्नल परीक्षेत दोन मुलींनी माझी चूक लिहिली. त्यांनी तो मेसेज पाहिलाच नव्हता, रेंज नव्हती त्या दिवशी. त्यांचे मार्क गेले ते माझ्यामुळे. मी दोघींना फोन केला. त्यांनी "असू दे ताई" म्हटलं, पण मला ते असू देता आलं नाही.

त्यातून चुकांची वही निघाली. नाव वही, पण होती एक सगळ्यांना उघडता येईल अशी गूगल शीट. तारीख, कुणी शिकवलं, काय चुकलं, बरोबर काय, आणि कुणाच्या लक्षात आलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या ओळीवर माझं नाव आणि शहाद्याच्या मुलाचं नाव. ॲनाटॉमीच्या एक असिस्टंट प्रोफेसर मॅडम होत्या, त्यांना आम्ही भीत भीत विचारलं की आठवड्यातून एकदा तुम्ही जोडल्या जाल का. त्यांच्या घरी दोन वर्षांचं बाळ होतं आणि दिवसा कोविडची ड्युटी. त्या तरीही यायच्या, माइक बंद ठेवून, आणि मध्येच मला एकटीला मेसेज करायच्या, "तिसरी ओळ पुन्हा बघ." मुलांसमोर त्यांनी एकदाही आम्हाला टोकलं नाही. ती तिसरी ओळ मीच मोठ्यानं दुरुस्त करायची. शिवाय आकृती आदल्या दिवशी काढायची, आमच्यातल्या दुसऱ्या कुणीतरी पुस्तकाशी ताडायची, मगच कॅमेऱ्याखाली जायची. वर्ष संपेपर्यंत वहीत १७ ओळी झाल्या. त्यातल्या ११ मुलांनीच पकडलेल्या होत्या. या वहीचा मला अभिमान आहे, आमच्या सगळ्या तासांपेक्षा जास्त.

कॉलेज पुन्हा उघडल्यावर एक गोष्ट पाहिली, तीही इथे लिहिली पाहिजे. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकानं ती पाहावी. मॅडमच्या परवानगीनं मी फर्स्ट इयरच्या पोरांबरोबर डिसेक्शन हॉलमध्ये गेले. टेबलाभोवती वीसेक जण, फॉर्मेलिननं डोळे चुरचुरत होते. काख उघडलेली होती. माझी हीच मुलं झोपेतही ब्रॅकियल प्लेक्सस काढून दाखवतील अशी. आणि सगळी गप्प. एका रत्नागिरीच्या मुलीनं कानाशी येऊन विचारलं, "ताई, पिवळी कुठाय?"

पुस्तकात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. माझी लोकर तर पाच रंगांची. समोरच्या त्या देहात सगळं एकाच भुऱ्या-तपकिरी रंगाचं होतं, चरबीत लपेटलेलं. मी तिचा हात हातात घेतला. चिमट्यानं हळूहळू चरबी बाजूला केली. "हा कोरॅकोब्रॅकियालिस स्नायू. याच्यातून एक दोरी आरपार जाते बघ. हीच मस्क्युलोक्युटेनियस, दुसरी कुठलीच याला अशी भोक पाडून जात नाही. आता हिला धरून वर ये." ती बोटानं वर गेली. दोरी दुसऱ्या एका दोरीला मिळाली, तिथून एक फाटा खाली उतरला, समोरून दुसरा आला, आणि आर्टरीच्या पुढ्यात इंग्रजी एम अक्षर उभं राहिलं. मधल्या टोकातून मीडियन, पलीकडचा पाय अल्नर. तिनं चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "लोकर अशी थंड नव्हती हो ताई." ज्यांनी देहदान केलं त्या माणसाच्या पायाशी आम्ही सगळे क्षणभर तसेच उभे राहिलो. मोबाईलच्या पट्टीखालून मी काय देऊ शकत नव्हते, ते मला तिथे दिसलं. आम्ही जे केलं ते त्या टेबलापर्यंत यायची तयारी होती. टेबल लागतंच.

पुढच्या वर्षी शिकवणारे बदलले. माणचा तो मुलगा फिजिओलॉजी घ्यायला लागला, शहाद्याच्या मुलाकडे चुकांची वही गेली. आम्ही फायनल इयरच्या वाटेला लागलो. अधूनमधून मी माइक बंद ठेवून जोडली जायचे, मॅडमसारखी.

इंटर्नशिपमध्ये ऑर्थोला, हाडांच्या विभागात, होते तेव्हा रात्री कॅज्युअल्टीत एक ऊसतोड कामगार आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेले, दंड मधोमध मोडलेला, गमछानं गळ्यात बांधलेला. एक्स-रे आला, जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतलेले, मला म्हणाले यू-स्लॅबची, दंडाच्या प्लास्टरची, तयारी कर. मी प्लास्टर भिजवायच्या आधी त्यांच्यासमोर बसले. "दादा, मनगट वर उचला बघू." ते हाताकडे बघत राहिले. मनगट जागचं हललं नाही. "अंगठा वर करा." नाही. हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी हात लावला, "हितं काय कळंना," म्हणाले. मी केसपेपरवर वेळ घालून लिहिलं की स्लॅब लावण्याआधीच रिस्ट ड्रॉप आहे, आणि जेआरना बोलावलं. हे आधी लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं. नर्व्ह मार लागतानाच गेली की आपण हाड हलवल्यावर अडकली, हे नंतर कुणी सांगू शकत नाही, आणि पुढचा निर्णय त्यावर असतो. ते दादा घाबरले होते, पुढच्या हंगामाला कोयता धरता येईल का म्हणून विचारत होते. जेआरनी त्यांना सांगितलं की बंद फ्रॅक्चरमध्ये अशी नर्व्ह बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप परत येते, मनगटाला आधाराचा पट्टा लावू, बोटांचा व्यायाम सोडायचा नाही.

पहाटे चारला हॉस्टेलवर परतताना ग्रुपवर पेशंटचं नाव-गाव काही न लिहिता एवढंच टाकलं: दंड मोडलेला पेशंट आला तर प्लास्टरच्या आधी मनगट आणि अंगठा वर करायला सांगा, आणि ते केसपेपरवर लिहा.

सकाळी सातला, प्रश्नांच्या वेळेला, शहाद्याहून उत्तर आलं. "शाफ्ट होता ना, ताई?"